साकोली ते मेडिकल

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसभर बाजार, पाहुण्यांची वर्दळ, दंडारीचे खेळ. आणि रात्री जेवणं आटोपली की नाटक. झाडीपट्टीचं नाटक एकदा उभं राहिलं की पहाटेपर्यंत उतरत नाही, आणि ते बघायला लांबलांबच्या गावांहून माणसं येतात. येतात ती बहुतेक मोटारसायकलवर, एकेका गाडीवर तिघं, डोक्याला हेल्मेटऐवजी मफलर. हेच दिवस धानाच्या कापणी-मळणीचे. पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. वैनगंगेतून रेती भरून निघालेले टिप्पर रात्रीच जास्त का धावतात, ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. या सगळ्याला आडवा छेदत जातो राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘सहा नंबर’.

या दिवसांत वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. उभ्या ट्रॅक्टरला मागून धडक, एक ठार, एक गंभीर. दुसऱ्या दिवशी त्याच बातमीची पुरवणी येते आणि तिचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: नागपूरला नेताना वाटेत मृत्यू झाला.

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. अपघात का झाला, चूक कोणाची, हे शोधायला पोलीस आहेत, न्यायालय आहे, विमा कंपनी आहे. पण धडक आणि मृत्यू यांच्यामध्ये जे चार-पाच तास गेले, त्यांत त्या माणसाचं काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, हे विचारणारं आपल्याकडे फारसं कुणी नाही. ज्या थोड्या लोकांनी विचारलं त्यांत मुंबईचे डॉक्टर पुढे होते, आणि त्यांना मिळालेली उत्तरं अस्वस्थ करणारी आहेत.

आधी रस्ता समजून घेऊ. साकोलीच्या अलीकडे रात्री साडेअकराला पंचविशीतला एक पोरगा उभ्या ट्रॉलीवर आदळला, असं समजा. ही कुणा एकाची हकिगत नाही. या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने अशी एखादी तरी ऐकलेली आहे. मांडीचं हाड मोडलं, हँडल पोटात घुसलं, कपाळाला खोक पडली. १०८ ची रुग्णवाहिका आली, त्याला साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात घेऊन गेली. पोरगा शुद्धीवर आहे, बोलतो आहे, पाणी मागतो आहे. कपाळाला टाके पडतात, पायाला फळी बांधली जाते, सलाईन लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. मग चिठ्ठी: पुढील उपचारासाठी रेफर. चाळीसेक किलोमीटरवर भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. तिथे त्या वेळी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही हाताशी असतील तर ठीक, नाहीतर दुसरी चिठ्ठी आणि आणखी साठ किलोमीटर. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला इकडे नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात आणि इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला ‘मेयो’. ‘मेडिकलला नेलं’ एवढं ऐकलं की घरी बसलेल्या आजीलाही प्रकरण कळतं.

चाकांवरचा वेळ दोन तासांचा. पण उतरवणं, चढवणं, कागद, नातेवाइकांची वाट, दुसरी गाडी मिळणं हे सगळं धरलं तर पहाट होते.

यातली खरी मेख त्या बोलण्यात आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीच्या मोडलेल्या हाडाभोवती लिटर-दीड लिटर रक्त नुसतं साचू शकतं, बाहेर एक थेंब न दिसता. पोटात प्लीहा फाटली असेल तर आणखी. तरुण शरीर ही तूट आधी झाकतं. नाडी ११०-१२० वर जाते, हातपाय गार पडतात, घाम येतो, तहान लागते, जीव घाबरा होतो. रक्तदाब मात्र अंगातलं पंचवीस-तीस टक्के रक्त जाईपर्यंत बऱ्यापैकी टिकून असतो. म्हणजे साकोलीच्या टेबलावर ‘बीपी नॉर्मल, पेशंट स्टेबल’ असं लिहिलं जाऊ शकतं आणि ते त्या क्षणापुरतं खोटंही नसतं. लाखनी ओलांडेपर्यंत शरीराची झाकाझाक संपते आणि रक्तदाब एकदम कोसळतो. मागे बसलेल्या भावाला वाटतं, आत्ता तर बोलत होता.

मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय अशा जखमींचं मोठं ठिकाण. दोन महामार्ग, लोकल गाड्या आणि धारावी यांच्या मधोमध ते उभं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीला तिथे डॉ. व्ही. मुरलीधर आणि डॉ. नोभोजित रॉय यांनी एक साधी गोष्ट केली: गंभीर जखमींची नीट मोजदाद. वर्षभरात १,०७४ जखमी. जगभरात वापरली जाणारी एक पद्धत आहे. जखमा किती खोल, आला तेव्हा नाडी-श्वास-शुद्ध कशी होती आणि वय काय, यावरून किती जण दगावतील याचा अंदाज बांधता येतो. त्या अंदाजाप्रमाणे शंभरात अकरा मृत्यू व्हायला हवे होते. झाले एकवीस. तेवढ्याच जखमा, तेवढंच वय, आणि दुप्पट मृत्यू. २००४ साली हे छापून आलं. स्वतःच्या रुग्णालयाबद्दल असा आकडा छापायला धाडस लागतं, आणि ते दोघांनी दाखवलं याबद्दल मला त्यांचं आकड्यापेक्षाही जास्त कौतुक वाटतं.

पुढे डॉ. रॉय आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले डॉ. मार्टिन गेर्डिन वार्नबर्ग यांनी इतर शहरांतल्या सहकाऱ्यांना जोडून घेतलं आणि २०१३ पासून मुंबई, दिल्ली, कोलकात्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत जखमींची नोंदवही सुरू झाली. आठ-आठ तासांच्या पाळ्या लावून नोंद करणारी माणसं अपघात विभागात बसवली. कोण आला, कशाने आला, कुठून रेफर होऊन आला, नाडी कोणी कधी पाहिली, स्कॅन कधी झाला. कंटाळवाणं काम. पण या कंटाळवाण्या कामातून २०१७ साली जो शोधनिबंध निघाला, तो माझ्या मते प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे.

पाच रुग्णालयं, अठरा महिने, ११,६७१ जखमी. त्यांतले २,५२३ तीस दिवसांच्या आत गेले, म्हणजे पाचातला एक. त्यांपैकी ज्यांचे कागद पुरेसे होते असे २,०५७ मृत्यू डॉक्टरांच्या गटाने एकेक करून तपासले. प्रश्न एकच: आपल्याकडे जी साधनं आहेत, त्यांतच हा माणूस वाचला असता का? अमेरिकेतल्या साधनांत नव्हे, आपल्याकडच्या. उत्तर आलं, ५८ टक्के मृत्यू टाळता आले असते.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. जखमांच्या तीव्रतेप्रमाणे मृतांचे गट पाडले तेव्हा ज्यांच्या जखमा कागदावर सौम्य होत्या, त्यांच्यातले ७१ टक्के मृत्यू टाळता येण्याजोगे निघाले. अतिगंभीर जखमींमध्येही हे प्रमाण ४४ टक्के होतं. न टाळता येणाऱ्या मृत्यूंत बहुतेक मेंदूला जबर मार लागल्याचे आणि भाजल्याचे होते. बाकीच्यांत चुकलं कुठे? मोठ्या शस्त्रक्रियांपेक्षा प्राथमिक गोष्टींत. श्वासमार्ग मोकळा ठेवण्यात कमतरता १४.३ टक्के मृत्यूंत, रक्तस्राव थांबवून रक्त-द्रव भरून काढण्यात १६.३ टक्के मृत्यूंत. शिवाय ठरलेली कार्यपद्धतीच नसणं, असली तर ती न पाळणं, रुग्णालयात पोहोचायला उशीर, स्कॅनला उशीर.

हे सारं शहरांत, जिथे रात्री तीनलाही सर्जन असतो. भंडाऱ्याचे जे मृत्यू वाटेत झाले ते या नोंदवहीत कुठेच नाहीत. शहरात पोहोचलेला जखमी मोजला जातो. लाखनीच्या पुढे गाडीत गेलेला मोजला जातो तो फक्त पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यात.

पहिल्या काही तासांत जखमीचं काय होतं, हा प्रश्न एकदा लहान गावाच्या दवाखान्यानेच उभा केला होता, आणि तोही अमेरिकेत. फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर नावाचे अस्थिशल्यविशारद स्वतःचं छोटं विमान चालवत नेब्रास्का राज्यातल्या शेतीच्या मुलखातून चालले होते. विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, चार मुलं जखमी झाली. स्टायनर यांनी अंधारात मुलांना बाहेर काढून सांभाळलं, रस्त्यावर गाडी थांबवली, जवळच्या गावच्या छोट्या दवाखान्यात पोहोचले. तिथे मुलांवर जे उपचार झाले ते त्यांना इतके गोंधळलेले वाटले की आपण शेतात रिकाम्या हातांनी याहून बरं सांभाळलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. दोन वर्षांत, १९७८ साली, त्याच राज्यातल्या ऑबर्न गावी त्यांनी व सहकाऱ्यांनी गावच्या डॉक्टरांसाठी एक वर्ग घेतला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, मग अंगावरचे सगळे कपडे काढून पाठीसकट तपासणी; याच क्रमाने, आणि प्रत्येक पायरीवर जे जिवावर बेतेल ते आधी दुरुस्त करून मगच पुढे. हा अभ्यासक्रम म्हणजेच आजचा ‘एटीएलएस’. तो आजवर दहा लाखांहून जास्त डॉक्टरांनी केला आहे.

गंमत अशी की इतका पसरलेला हा अभ्यासक्रम खरोखर जीव वाचवतो का, याचा काटेकोर पुरावा अजून तुटपुंजा आहे. तो क्रम तर्काला पटतो, सगळे मानतात, म्हणून चालत आलं. आता याची परीक्षा भारतात घ्यायची ठरली. गेर्डिन वार्नबर्ग आणि भारतीय सहकाऱ्यांनी ३० रुग्णालयं आणि ४,३२० जखमी असा आराखडा आखून काम सुरू केलं: रुग्णालयांनी टप्प्याटप्प्याने आपले डॉक्टर प्रशिक्षित करायचे आणि आधीचे-नंतरचे मृत्यू ताडून पाहायचे. मला यात संशोधकांचा प्रामाणिकपणा दिसतो. आपल्याकडे शिबिर घेतलं, फोटो काढला, प्रमाणपत्र वाटलं की काम झालं असं मानायची पद्धत आहे. शिबिरानंतर माणसं कमी मेली का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र पक्की सिद्ध झालेली आहे आणि ती स्वस्त आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलेलं हे औषध शरीरात तयार झालेली रक्ताची गुठळी लवकर विरघळू देत नाही. आपल्याकडच्या बायकांना ते पाळीत जास्त जातं त्यावरची गोळी म्हणून माहीत आहे. २०१० साली ‘क्रॅश-२’ या प्रयोगाचा निकाल आला: ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ जखमी. औषध दिलेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न दिलेल्यांत १६. फरक दीड टक्क्याचा, म्हणजे जवळजवळ सत्तर जखमींमागे एक जीव. एक साधं इंजेक्शन आणि एक जीव, असा हिशेब वैद्यकात फार वेळा लागत नाही. या प्रयोगात सर्वांत जास्त जखमी भारतातले होते. आपल्या माणसांनी आपल्या रक्ताने दिलेला हा पुरावा आहे, तेव्हा त्यावर आपला हक्क पहिला.

पण एक अट आहे. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची फोड केली तेव्हा दिसलं की पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर येतात. तीन तासांच्या आत दिलं तरी उपयोग होतो. तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान. २०१८ मध्ये चाळीस हजारांवर रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला, त्यात दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो असं निघालं.

आता हा हिशेब साकोलीला लावा. साडेअकराला धडक, पहाटे मेडिकल. मेडिकलमध्ये औषध आहे, डॉक्टर आहेत, पण औषधाची वेळ टळून गेली आहे. ते द्यायची जागा साकोलीच आहे, किंवा १०८ ची गाडी. आणि औषध आणायला कुठे लांब जायचं नाही. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर तेच औषध वापरतात, त्यामुळे जिथे प्रसूतिगृह चालतं अशा बहुतेक दवाखान्यांत ते शेजारच्या खोलीतल्या कपाटात असतं. प्रसूतिगृहातून अपघात कक्षात त्याने यायचं, एवढाच प्रवास उरतो.

अशा चार-सहा गोष्टी आहेत ज्यांना सर्जन लागत नाही. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडू नये म्हणून खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे ओढून धरणं. ऑक्सिजन. ज्या जखमेतून रक्त वाहतं तिच्यावर तळहाताने दाब देऊन धरून ठेवणं, दर मिनिटाला उचलून न बघणं. कमरेचं हाड मोडल्याचा संशय असेल तर पलंगावरची चादर घडी करून मांडीच्या वरच्या टोकांभोवती करकचून बांधणं. त्याने आतला रक्तस्राव आवळला जातो. मोडलेली मांडी ताणून बांधणं. पांघरूण घालून अंग ऊबदार ठेवणं, कारण गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही; कार्तिक-मार्गशीर्षातल्या भंडाऱ्याच्या रात्री ही बाब छोटी नाही. डोक्याला मार असेल तर न्यूरोसर्जन नागपूरलाच भेटणार, पण वाटेत त्या मेंदूला ऑक्सिजन आणि रक्तदाब मिळत राहील हे बघणं साकोलीच्या हातात आहे. रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी डोक्याला गंभीर मार लागलेल्यांत मृत्यूचं प्रमाण दुपटीवर जातं, हे १९९३ पासून माहीत आहे. कपाळाची खोक शिवणं यांतल्या कशाच्याही नंतर येतं. गंमत म्हणजे सगळ्यांत आधी तीच शिवली जाते, कारण ती दिसते.

‘गोल्डन अवर’ हा शब्द आता पोस्टरवर आणि कायद्यातही आला आहे. बाल्टिमोरचे सर्जन आर. ॲडम्स काउली यांनी तो रूढ केला. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्याच घातली, जखम झाल्यापासून एक तास. मला ही कल्पना अर्धीच पटते. नेमक्या साठ मिनिटांना वैज्ञानिक आधार फारसा नाही. आणि ती नीट न समजल्यामुळे एक घातक घाई शिरली आहे: काही करत बसू नका, लवकर नागपूरला न्या. साकोलीहून नागपूर एका तासात होत नाही, कितीही हॉर्न वाजवला तरी. तेव्हा भंडाऱ्यापुरता पहिला तास गाडी पळवण्यासाठी कमी आणि साकोली, लाखनी, पवनी, तुमसरला काय केलं यासाठी जास्त आहे.

पण मग सगळ्यांनी जवळच्याच दवाखान्यात थांबावं का? तेही नाही. १९७९ साली वेस्ट आणि ट्रंकी या सर्जनांनी कॅलिफोर्नियातले दोन प्रदेश शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सॅन फ्रान्सिस्कोत सगळे गंभीर जखमी एकाच सुसज्ज केंद्रात नेले जात. ऑरेंज काउंटीत जो दवाखाना जवळ तिथे. ऑरेंजमधल्या ९० मृत्यूंपैकी ज्यांच्या डोक्याला मुख्य मार नव्हता, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश टाळता आले असते असं निघालं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ९२ मध्ये असा एकच. या एका तौलनिक अभ्यासाने अमेरिकेतली व्यवस्था बदलली: कोणता जखमी कुठे न्यायचा हे आधी ठरलेलं असावं, वाटेत चिठ्ठ्या बदलत ठरू नये.

भंडाऱ्याला हे सरळ लागू होत नाही, कारण जिल्हा उभा लांबट आहे आणि त्याचे ओढे चार दिशांना जातात. लाखांदूरचा माणूस भंडाऱ्यापेक्षा देसाईगंज-ब्रह्मपुरीला लवकर पोहोचतो. जिल्हा बदलतो, पण जखमेला जिल्ह्याची सीमा कळत नाही. पवनीचा माणूस भिवापूर-उमरेडमार्गे नागपूरला जातो. तुमसरचा भंडाऱ्याला येऊन मग नागपूरला की थेट रामटेककडून, हे त्या रात्रीच्या ड्रायव्हरवर असतं. कोणत्या गावच्या कोणत्या जखमीसाठी कोणता रस्ता, हे एका कागदावर लिहिलेलं असायला हवं आणि तो कागद प्रत्येक १०८ च्या गाडीत हवा. राज्यात २०१४ पासून या ९३७ गाड्या धावायला लागल्या आणि त्यांत डॉक्टर असतो, हे महाराष्ट्राचं खरोखरच मोठं काम. त्या डॉक्टराने निघतानाच पुढच्या रुग्णालयाला फोन करून ‘पोटात रक्तस्राव असावा, रक्तगट अमुक, पन्नास मिनिटांत पोहोचतो’ एवढं सांगितलं तर थिएटर उघडून, रक्त मागवून ठेवता येतं. चिठ्ठी मात्र जखमीसोबतच पोहोचते, त्याच्या आधी नाही.

जवळ थांबवावं म्हटलं तरी भूलतज्ज्ञाचं पद रिकामं असणं ही विदर्भातल्या तालुक्यांत बातमी राहिलेली नाही, आणि रक्ताशिवाय पोट उघडण्याचं धाडस कुठलाही शहाणा सर्जन करणार नाही. हे प्रश्न संशोधनाने सुटणारे नाहीत, पगाराने आणि बदली धोरणाने सुटणारे आहेत.

कायद्याचं म्हणाल तर तो जखमीच्या बाजूने आहे, लोकांना फक्त माहीत नसतो. आधी पोलीस केस, मग उपचार, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच मोडीत काढलं. त्यातला स्कूटरस्वार एका रुग्णालयाने नाकारल्यावर वीस किलोमीटर दूर नेताना वाटेत गेला होता. जखमीला उचलून आणणाऱ्याला पोलिसांनी साक्षीला अडकवू नये, नावही सांगायला भाग पाडू नये, हे न्यायालयाने २०१६ मध्ये आणि कायद्याच्या कलम १३४-अ ने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: ठरलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत, रोख न भरता उपचार. ‘कशाला पोलिसांच्या लचांडात पडायचं’ म्हणत बाजूने गाडी काढणाऱ्याकडे आता सबब उरलेली नाही. आणि हेल्मेट मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी कमी करतं हेही ठरलेलं आहे. मंडईला जाताना पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नसेल तर हँडलला अडकवू नका, डोक्यावर घाला आणि मंडपात काढा.

मोजदादीकडे परत येतो, कारण माझ्या मते भंडाऱ्यात नसलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. या जिल्ह्याने मृत्यूची चौकशी काय करू शकते ते पाहिलेलं आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली; चौकशी झाली आणि राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळलं, आठ कामगार गेले. स्फोट कशाने झाला याची चौकशी लागली. रस्त्यावर एकएकटा मरणारा मात्र कुणाच्या चौकशीत बसत नाही. त्याच्या मृत्यूत दोषी वाहनचालक शोधला जातो, राहून गेलेला उपचार नाही.

सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. २०१० पासून देशात प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण करायची पद्धत आहे. बाळंतीण गेली की ती कुठे कुठे नेली, किती वेळ थांबली, रक्त का मिळालं नाही, हे घरी जाऊन विचारतात आणि त्याचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांपुढे होतो. या पद्धतीत कागदी कामही पुष्कळ चालतं, पण विचारलं जातं म्हणून रेफर करणारा हात थोडा थबकतो. शीवलाही १९९८ च्या जखमींशी ताडून पाहता, जखमांची तीव्रता जमेस धरली तर, २०११ पर्यंत सुरुवातीच्या तासांतले मृत्यू लक्षणीय घटले, असं त्याच मंडळींनी पुढे दाखवून दिलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. जिल्ह्याला विद्यार्थी मिळाले, जनवैद्यक विभाग मिळाला, म्हणजे मोजणारी माणसं मिळाली. महाविद्यालयाचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हाधिकारी यांना या लेखातून विनंती आहे: जिल्ह्यात जखमी होऊन तीस दिवसांत दगावलेल्या प्रत्येक माणसाची एक वही सुरू करा. धडक किती वाजता, पहिला दवाखाना कोणता, तिथे नाडी किती होती, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं का, पुढे फोन केला का, किती वाजता निघाला, कुठे आणि कशाने गेला. महिन्यातून एकदा साकोली, तुमसर, पवनी, लाखांदूरच्या डॉक्टरांना बोलावून ती वाचा, कुणाला नोटीस न बजावता. याला नवी इमारत लागत नाही, मंत्रालयाची फाइल लागत नाही. येत्या मंडईच्या हंगामात सुरू केली तर पुढच्या दिवाळीपर्यंत भंडाऱ्याकडे स्वतःचा आकडा असेल.